दोन्ही गटांनी सोडलेली मागणी

९ फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वाद लिहायची इच्छा नव्हती. पण मी कागद घेऊन बसलेली आईनं पाहिलं आणि म्हणाली, "आधी आशीर्वाद लिही, मग काय भांडायचंय ते भांड." तर आशीर्वाद.

आता भांडते.

परवाच्या बैठकीत अध्यक्षांनी दोन चिठ्ठ्या उघडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा सभेचे कागद सांभाळणारी म्हणून मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. चिठ्ठीवर सही नसते, ती कुणी लिहिली हे विचारायचं नसतं, हे मला तुझ्याआधी दहा वर्षं माहीत आहे. पण तुझा हात धरून तुला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला मी शिकवलं. तुझं अक्षर मला ओळखू येणार नाही असं तुला वाटलंच कसं?

तू लिहिलं होतंस, 'शेवटच्या थांब्यांवर स्त्री-वाहकांसाठी स्वच्छतागृहे.' केवढी इस्त्री केलेली भाषा! संडास म्हण रे. आम्ही एक्केचाळीस बायका त्याला संडास म्हणतो. ते नाहीत म्हणून आम्ही पहाटे पाचला पाण्याचा शेवटचा घोट घेतो आणि दुपारी दोनला ड्युटी संपेपर्यंत ओठसुद्धा ओले करत नाही. मी तेवीस वर्षं असंच करते आहे. त्या मागणीचं पहिलं पत्रक तू लिहिलं होतंस, कॉलेजात असताना, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून. आणि आता तिला पक्षाच्या यादीतून काढा असं लिहिणारा हातही तुझाच.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण तू ते विसरलायस असं दिसतं. मोठा पक्ष शहराच्या सत्तेत आपल्याला बरोबर घ्यायला तयार आहे. त्यांनी सांगितलं, तुमच्या चार मागण्या आणा, चारांवर सही करतो, पाचवी ऐकणार नाही. आणि आपल्याकडे होत्या पाच. बसभाडं न वाढवण्याची आणि शहराची जमीन न विकण्याची, या दोन पोस्टरवर छापून झाल्या होत्या, त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. राहिल्या तीन. कंत्राटी ड्रायव्हरांना कायम करा, ही आमच्या डेपोवाल्यांची. वॉर्डावॉर्डात समित्या नेमून त्यांना अधिकार द्या, ही तुम्हा पक्ष-कार्यालयवाल्यांची. आणि संडासांची मागणी दोन्ही गटांची. तीन मागण्या आणि जागा दोन.

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा.

प्रत्येक गटानं चिठ्ठीवर आपली एक मागणी लिहायची, जी आपण सोडायला तयार आहोत. दोन चिठ्ठ्यांत दोन वेगळ्या मागण्या निघाल्या तर हात वर करून मतदान, कमी हात पडतील ती गेली. दोन्हींत एकच निघाली तर मतदान नाही, चर्चा नाही, ती गेलीच. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. परवा झालं. तुमचे प्राध्यापक उठून म्हणाले, "आपल्या पक्षात इतकं एकमत मी पहिल्यांदा पाहतो आहे," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवली. दोनदा. मग मला कळलं की टाळ्या कशाला वाजताहेत.

आमच्या गटाच्या चिठ्ठीबद्दल तू मला विचारू नकोस. ती आमच्या गटाची बाब आहे. मी तुझ्या चिठ्ठीबद्दल विचारते आहे. का लिहिलंस?

ताई

१५ फेब्रुवारी

धाकट्यास,

तुझं पत्र आलं. टाईप करून पाठवलंस, म्हणजे आता अक्षराचीही भीती वाटायला लागली म्हणायची.

आईला वाचून दाखवायला घेतलं. 'प्राधान्यक्रम' हा शब्द सात वेळा आला. चौथ्या वेळी तिनं विचारलं, "तो आजारी आहे का?" मी पुढचं वाचलं नाही.

तू लिहितोस, तुझा हेतू ती मागणी पाडण्याचा नव्हताच. तुझा हिशोब असा होता की डेपोवाले काय वाटेल ते सोडतील, पण संडास सोडणार नाहीत. ते ड्रायव्हरांची मागणी लिहितील. मग मतदान होईल संडास विरुद्ध ड्रायव्हर. संडासाच्या विरोधात भर सभेत हात वर करायची कुणाला लाज वाटणार नाही? म्हणजे संडास वाचले. आणि तुमच्या वॉर्ड समित्या मतदानाला उभ्याच राहिल्या नाहीत, म्हणजे त्याही वाचल्या. वा रे वा. म्हणजे आमची मागणी तू ढाल म्हणून पुढे धरलीस. तिच्यावर वार होणार नाही याची तुला खात्री होती, कारण मागे तुझी ताई उभी आहे.

सोप्या भाषेत सांगायचं तर तू आमच्या लाजेवर पैज लावलीस. आणि माझ्या नवऱ्याच्या, तुझ्या भाऊजींच्या नोकरीवरही. नऊ वर्षं ते कंत्राटावर गाडी चालवताहेत. दर अकरा महिन्यांनी नवा कागद, मधला एक महिना घरी. तुझा डाव जमला असता तर मतदानात ड्रायव्हरच पडले असते ना? हे तुझ्या लक्षात आलं होतं, की भाऊजी प्राधान्यक्रमात आठवे होते?

शेवटच्या परिच्छेदात तू विचारतोस, "पण ताई, तुमची चिठ्ठी कुणी लिहिली? तुमच्याच गटानं सोडली नसती तर हे झालंच नसतं." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी तुला आधीच सांगितलं होतं, ते विचारू नकोस.

आमच्या डेपोत एक नवी मुलगी आहे, सव्वीस वर्षांची, आम्ही तिला लिंबूटिंबू म्हणतो. खाणीच्या थांब्याचा रूट करते, जायला एक तास दहा मिनिटं, यायला तेवढेच. गेल्या मंगळवारी गाडीतच तिला थंडी वाजून ताप भरला. तिकीट फाडता फाडता खाली बसली. आता दवाखान्यात आहे. मूत्रपिंडापर्यंत गेलंय म्हणतात. डॉक्टरांनी विचारलं, पाणी का पीत नाहीस? ती म्हणाली, "पाणी प्यायलं की रूट संपत नाही." डॉक्टर हसले म्हणे, त्यांना तो विनोद वाटला.

तुझ्या सात प्राधान्यक्रमांत हिला कुठे बसवतोस ते कळव.

ताई

२३ फेब्रुवारी

धाकट्या,

आज दवाखान्यात जाऊन आले. तिच्या उशाशी पाण्याची बाटली होती आणि नर्स दर तासाला येऊन किती प्यायलीस ते बघत होती. मला बघून ती उठून बसली. "ताई, आपली मागणी यादीत आहे ना? चारमध्ये आहे ना?"

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही. "बघू," म्हटलं असेन. आपण लोक 'बघू' म्हणतो तेव्हा काय झालेलं असतं ते तिला अजून माहीत नाही.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. गेली दोन पत्रं तुला शिव्या घातल्या, त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. पण आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मला आता आणखी जमणार नाही.

आमची चिठ्ठी मी लिहिली.

त्या दिवशी सकाळी आमच्या गटाचे लोक डेपोच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. फोरमन म्हणाले, ड्रायव्हरांची मागणी मतदानाला गेली तर पडणार, कार्यालयवाल्यांकडे हात जास्त आहेत. ती उभीच राहू द्यायची नाही. चिठ्ठीवर संडास लिहू. कार्यालयवाले वॉर्ड समित्या लिहितील, दुसरं लिहायला त्यांच्याकडे आहे काय? मग मतदान संडास विरुद्ध समित्या. संडासाच्या विरोधात हात वर करायला कुणाची छाती आहे? संडास वाचले, ड्रायव्हर वाचले, समित्या गेल्या. "आणि संडास तर ते लोक लिहिणारच नाहीत," फोरमन म्हणाले. "तुमचा भाऊ आहे ना तिकडे? पहिलं पत्रक त्यानंच लिहिलंय."

कळलं का? अक्षर न् अक्षर तुझाच डाव. तुझ्या डावात मी उभी होते आणि माझ्या डावात तू.

मला ते हुशार वाटलं, हे सर्वांत वाईट. मी हसलेसुद्धा. भाऊजी समोर बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोडी आशा दिसली. म्हणून मी फोरमनच्या हातातून कागद घेतला आणि म्हटलं, द्या, मी लिहिते. एका बाईनंच लिहिलेलं बरं, कधी बाहेर कळलं तर कुणी बोट दाखवणार नाही. हेही मीच सुचवलं. फोरमननी नाही.

म्हणजे तुला एकट्याला शिव्या घालणं हा अन्याय आहे. पण रागाचा झरा आटत नाही, काय करू? माझ्यावरचा राग तुझ्यावर निघतो आणि तुझ्यावरचा माझ्यावर. काल भाऊजी मीठ कमी पडलं म्हणाले तर त्यांच्यावरही ओरडले. आई म्हणाली, "पक्ष बाहेर ठेवून ये घरात." आता पक्ष बाहेर ठेवायचा तर भाऊजींना कुठे ठेवू?

चाळीस वर्षांपूर्वी ज्या म्हाताऱ्यांनी ही चिठ्ठीची पद्धत बसवली, त्यांचा विचार चांगला होता. भांडण मिटावं म्हणून जे सोडवत नाही ते कुणीतरी स्वतःहून सोडावं, आणि कुणी सोडलं ते कळू नये, म्हणजे पुढे डूख धरला जात नाही. आपण त्याचं काय करून ठेवलं बघ. जे सुरक्षित आहे तेच सोडल्यासारखं दाखवायचं आणि आपलं खरं पाठीमागे लपवायचं. दोघांनी एकाच वेळी केलं म्हणून उघडं पडलं. एकानं केलं असतं तर मी ते वर्षानुवर्षं डेपोत मिरवलं असतं.

उत्तर लगेच लिही. आणि हातानं लिही.

ताई

३ मार्च

धाकट्या,

हातानं लिहिलंस, बरं वाटलं. पण जे लिहिलंस ते वाचून वाटलं की टाईपच बरा होता.

तू म्हणतोस, दोन्ही चिठ्ठ्या जाळून टाक, तुझ्या ताब्यात आहेत. पुढच्या वर्षी ही मागणी तू स्वतः पहिल्या नंबरवर आणशील. पुढच्या वर्षी! लिंबूटिंबूला सांगते, तुझी मूत्रपिंडं पुढच्या वर्षीपर्यंत सांभाळून ठेव.

आणि तू म्हणतोस की वॉर्ड समित्या ही वीस वर्षांची गोष्ट आहे, त्या आल्या की संडास कुणी मागायलाच नको, लोक स्वतः बांधून घेतील. हे मला पटतं, खोटं कशाला बोलू? समित्या यायला हव्यात. पण पहिल्या समितीच्या अध्यक्षपदासाठी प्राध्यापकांनी कुणाचं नाव पुढे केलंय, हे तू मला लिहिलं नाहीस. ते मला खाणीच्या रूटवरच्या एका मास्तरांनी सांगितलं, तिकीट घेता घेता. "तुमच्या भावाचं नशीब उघडलं," म्हणाले. मी त्यांना सुट्टे परत द्यायला विसरले. पुढच्या थांब्यावर त्यांनी आठवण करून दिली.

मी चिठ्ठ्या जाळलेल्या नाहीत. कपाटात, कुलपात आहेत. आणि मी पक्षाची नियमावली काढून वाचली, आपल्यापैकी कुणी वाचत नाही ती. चिठ्ठी मागे घेता येते. नियम असा: ज्यानं लिहिली त्यानंच, सर्व सभासदांच्या सभेत उभं राहून, स्वतःच्या तोंडानं सांगायचं की ही मी लिहिली होती आणि ती मी मागे घेतो. आणि तिच्या जागी आपल्या गटाची दुसरी मागणी सांगायची. नुसती मागे घेऊन जागा मोकळी ठेवता येत नाही. मोठ्या पक्षाबरोबर सही होईपर्यंत हे करता येतं. सही वीस तारखेला आहे. सभा दहा तारखेला आहे, आणि सहीच्या दिवशी सकाळी शेवटची एक.

आता नीट वाच, घाईत वाचून टेबलावर टाकू नकोस.

मी एकटीनं चिठ्ठी मागे घेतली तर मला तिच्या जागी ड्रायव्हरांची मागणी सांगावी लागेल. दुसरी नाहीच माझ्याकडे, भाड्याची पोस्टरवर गेली. तुझी चिठ्ठी संडासाचीच राहील. मग मतदान होईल संडास विरुद्ध ड्रायव्हर. संडास जिंकतील आणि भाऊजी पडतील. तुझ्या मूळच्या डावाप्रमाणेच होईल, फक्त त्यांना पाडणारं तोंड माझं असेल.

पण आपण दोघांनी मागे घेतली तर? मी ड्रायव्हर सांगते, तू समित्या सांग. संडासाला मग कुणाचाच हात लागत नाही, ते यादीत जातात. मतदान होईल ड्रायव्हर विरुद्ध समित्या, आणि जे व्हायचं ते उघड्यावर होईल. तुमचे हात जास्त आहेत, कदाचित तुम्हीच जिंकाल. पण भाऊजी सरळ लढून हरतील. निदान बायकोच्या चिठ्ठीनं तरी नाही.

एवढंच मागते आहे. दहा तारखेला सकाळी ये. तुझं कार्यालय आहे त्या गावाहून पहिली गाडी पाचला निघते, साडेनऊला पोहोचतोस. सभा दहाला. उभा राहा, दोन वाक्यं बोल, दुपारच्या गाडीनं परत जा. घरी यायला नको असेल तर नको येऊस. प्राध्यापक रागावतील. माझ्यावर फोरमन रागावणारच आहेत, आपण दोघं एकदमच शिव्या खाऊ. लहानपणी भिंतीवर शाई उडवली होती तेव्हा तू म्हणाला होतास, ताई तू आधी सांग, मग मी सांगतो. ठीक आहे. मी आधी सांगते.

भाऊजींना मी अजून काही सांगितलेलं नाही. दहा तारखेला सभेतच कळेल. याला तू भित्रेपणा म्हण. म्हणायचा अधिकार आहे तुला, एवढ्यापुरता.

ताई

११ मार्च

धाकट्या,

दारापाशी खुर्ची तुझ्यासाठी रिकामी ठेवली होती. साडेनऊची गाडी आली, मी खिडकीतून पाहिली. उतरणारे अकरा जण मोजले.

सभा वेळेवर सुरू झाली. मी शेवटपर्यंत वाट बघितली, अध्यक्षांनी 'आणखी काही?' विचारलं तेव्हा उठले. तेवीस वर्षं चालत्या गाडीत उभी राहते मी, पण काल त्या स्थिर जमिनीवर उभं राहता येईना.

मी म्हटलं, "आमच्या गटाची चिठ्ठी मी लिहिली होती. संडासांची मागणी मी लिहिली होती. ती सोडायला नव्हती लिहिली, वाचेल म्हणून लिहिली होती. हुशारी करायला गेले. ती मी मागे घेते. तिच्या जागी कंत्राटी ड्रायव्हरांची मागणी सांगते."

मग मागून फोरमनचा आवाज आला, "बसा खाली! तुम्हाला कुणी अधिकार दिला?" अध्यक्षांनी नियमावली उघडली, चष्मा काढला, पुसला, लावला आणि म्हणाले, "अधिकार आहे त्यांना." मग त्यांनी विचारलं, "दुसरी चिठ्ठी लिहिणारे सभेत आहेत का?" दोनदा विचारलं. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

कुणीच उठलं नाही. मतदान झालं. संडासांना एकशे चौतीस हात, ड्रायव्हरांना सत्त्याऐंशी. संडास वाचले. ड्रायव्हर पडले.

भाऊजींनी हात ड्रायव्हरांसाठी वर केला. सरळ, कोपर ताठ करून, माझ्याकडे बघत. मला राग आला नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी जे हवं होतं त्यासाठीच हात वर केला.

तुला वाटत असेल, बायका तरी खूश असतील. बाहेर आल्यावर आमच्या एक्केचाळीसपैकी सर्वांत जुनी, मला 'ए' म्हणून हाक मारणारी, माझ्यापाशी आली. "तू लिहिली होतीस?" म्हणाली. "आमच्यासाठी बोलायला आम्ही तुला पाठवलं आणि तू आम्हालाच पत्त्यासारखं टाकलंस?" मी म्हटलं, परत घेतली ना. ती म्हणाली, "परत घ्यायची वेळ का आली?" लिंबूटिंबू रिक्षात बसून आली होती, डिस्चार्ज आदल्याच दिवशी मिळाला होता. ती माझ्याशी बोललीच नाही. फोरमननी संध्याकाळी गटातून माझं नाव काढल्याचा निरोप पाठवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही दोन्हीकडून.

घरी आल्यावर भाऊजी बराच वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले, "तुला जे करायचं होतं ते बरोबर होतं. पण मला आधी सांगायला हवं होतंस. मी काही ते थांबवणार नव्हतो. मी फक्त दुसऱ्या रांगेत बसलो असतो, ड्रायव्हरांच्या मधोमध नाही. सगळे माझ्याकडे वळून बघत होते."

मी रडले. हे तुला मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या पत्रात भावना हा शब्दही एकदा आला होता, 'भावनिक होऊ नकोस' म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "दुसरी चिठ्ठी कुणाची होती?"

आणि मी म्हटलं, "माहीत नाही."

लग्नाला सव्वीस वर्षं झाली. त्यांच्याशी मी असं खोटं कधी बोलले नव्हते. आणि बोलले ते कुणासाठी, तर ज्यानं त्यांना पाडलं त्याच्यासाठी. तुझ्या नावाचा मला एवढा संताप आलाय की ते घशातून बाहेरच येत नाही, म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगते. खरं कारण तुला माहीत आहे. तू माझा धाकटा आहेस. बाकी काही नाही, एवढंच, आणि त्यासाठी मी स्वतःला माफ करणार नाही.

अजून वेळ आहे. वीस तारखेला सकाळी नऊला शेवटची सभा. तू उठून समित्या सांगितल्यास तर ड्रायव्हरांचं मतदान पुन्हा होईल, समित्यांशी, सरळ. बायका या वेळी ड्रायव्हरांना हात देतील. त्या माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यांच्या घरीही ड्रायव्हर आहेत. मी बऱ्याच जणींच्या दारात जाऊन आले. एकीनं दार लावून घेतलं, बाकीच्यांनी ऐकलं.

ये. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठीही नाही. भाऊजींनी तुला सायकल शिकवली, तुझी फी भरायला आपली गाडी विकली आणि मग कंत्राटावर दुसऱ्याची चालवायला लागले. त्यांच्यासाठी ये.

ताई

२१ मार्च

धाकट्या,

तुझं पाकीट एकोणीस तारखेला मिळालं. त्यात पत्र नव्हतं. फक्त एक कागद, तुझ्या अक्षरात: 'मी माझी चिठ्ठी मागे घेतो. तिच्या जागी वॉर्ड समित्या.' आणि खाली सही. सुंदर सही आहे.

मी तो कागद घेऊन काल सभेत गेले. अध्यक्षांनी वाचला. त्यांचा आवाज खाली गेला. "लिहिणाऱ्यानं स्वतः उभं राहून सांगायचं असतं," म्हणाले. "पोस्टानं चालत नाही." हा नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तुझ्याच कार्यालयात ती नियमावली छापली जाते.

मागून कुणीतरी विचारलं, सही कुणाची आहे? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद हातात घेऊन उभी होते. भाऊजी पाचव्या रांगेत, बाजूला बसले होते.

मी तुझं नाव वाचलं. मोठ्यानं, आडनावासकट.

प्राध्यापकांनी मान खाली घातली. फोरमन हसले, ते मला फार बोचलं. भाऊजी उठले, बाहेर गेले आणि सही होईपर्यंत आत आले नाहीत. साडेदहाला मोठ्या पक्षाचे लोक आले, चार मागण्यांवर सह्या झाल्या. संडास दुसऱ्या नंबरवर आहेत. अकरा थांबे, सहा महिन्यांत. ड्रायव्हर नाहीत.

घरी आलो तेव्हा भाऊजींनी एकच विचारलं, "तो येणार होता का?" मी म्हटलं, नाही. कागद येणार होता. ते म्हणाले, "म्हणजे त्याला कळत होतं." मग त्यांनी नव्या कंत्राटाचा कागद काढला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढचे अकरा महिने.

तुझा कागद या पत्राबरोबर परत पाठवते आहे. माझ्याकडे ठेवायची मला इच्छा नाही, जाळायची तर अजिबातच नाही.

आज सकाळी आईनं विचारलं, "धाकट्याचं काही पत्र? कसा आहे तो?" भाऊजी तिथेच दाढी करत होते, त्यांचा हात थांबला.

मी आईला म्हटलं, "खुशाल आहे."

तुझ्याबद्दल तेवढंच खरं सांगता आलं.

ताई